लग्न न जमणे: घरातली अडचण की सार्वजनिक प्रश्न?

पाणंद

नमस्कार.

पारावर आणि सोयरिकीच्या बैठकांत ज्यावर भरपूर बोलले जाते, पण नीट लिहिले फारसे जात नाही, असा एक विषय येथे मांडतो आहे. शेतकरी कुटुंबांतल्या मुलांची लग्ने न जमणे, हा तो विषय. आमच्या तालुक्यात पस्तिशी गाठलेले, निर्व्यसनी, दोन-तीन एकर बागायत असलेले आणि तरीही अविवाहित असे तरुण गावोगावी आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात असे तरुण मुंडावळ्या बांधून, काही जण घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चाने गेले होते. अनेकांनी ती बातमी गंमत म्हणून एकमेकांना पाठवली. मला त्यात गंमत दिसली नाही, कारण त्या मोर्चात शोभून दिसेल असा एक तरुण माझ्याच घरात आहे.

तो माझा चुलतभाऊ. त्याच्या लग्नाच्या खटपटीत मी बरीच वर्षे सहभागी आहे. घरात या अपयशाची जी कारणे सांगितली जातात, ती सगळी घराच्या उंबऱ्याच्या आतली असतात. आधी पत्रिकेत मंगळ निघाला, मग त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी झाला, मग घराला स्लॅब पडला, मग परिचयपत्रातला ‘शेती’ हा शब्द जाऊन ‘शेती व व्यवसाय’ असे शब्द आले. काकूंना वाटते की आपल्याच घराण्यात काही खोट असली पाहिजे. भाऊ समारंभांना जाणे टाळतो, कारण तिथे भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो. शेजारच्या आळीत असेच तीन तरुण आहेत आणि त्या तिन्ही घरांतही खोट आपल्याच घरात असल्याची हीच समजूत आहे, ही गोष्ट मात्र कुणी एकत्र मांडून पाहत नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये समाजशास्त्रीय कल्पनाशक्तीवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी माणसाच्या खासगी अडचणी आणि समाजाचे सार्वजनिक प्रश्न यांत फरक केला आहे. एक लाख वस्तीच्या शहरात एकच माणूस बेकार असेल, तर त्याचा स्वभाव, त्याचे कौशल्य आणि त्याला मिळालेल्या संधी तपासणे योग्य आहे. पण पाच कोटी कामकऱ्यांच्या देशात दीड कोटी बेकार असतील, तर एकेका माणसाचा स्वभाव तपासून हाती काही लागणार नाही. तिथे संधींची रचनाच कोसळलेली असते. माणसाचे चरित्र आणि त्याच्या काळाचा इतिहास ही दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय दोहोंपैकी एकही कळत नाही, हे मिल्स यांच्या विवेचनाचे सार आहे.

ही दृष्टी घेऊन भावाच्या लग्नाकडे पाहिले, तर मंगळाच्या पलीकडच्या दोन गोष्टी लगेच दिसतात. पहिली जमीन. महाराष्ट्रात शेतजमिनीच्या खातेदाराचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ च्या कृषिगणनेत १.३४ हेक्टरांवर आले. आजोबांच्या काळात आमचे घर ‘मोठे’ म्हणून ओळखले जात असे. वाटण्या होत होत आम्ही ‘लहान’ झालो, आणि त्यात कुणाचा आळस नव्हता. दुसरी गोष्ट मुलींची संख्या. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुलींचे प्रमाण राज्यात १९९१ मध्ये ९४६ होते, २००१ मध्ये ९१३ झाले आणि २०११ मध्ये ८९४. यांत सर्वांत वाईट आकडे दुष्काळी किंवा मागास भागांतलेच होते, असे नाही. २००१ मध्ये उसाच्या आणि सहकाराच्या सुबत्तेतले कोल्हापूर ८३९ वर आणि सांगली ८५१ वर होते. याउलट २०११ मध्ये गडचिरोलीत हे प्रमाण ९६१ होते. ज्या घरांकडे सोनोग्राफीचे पैसे होते आणि वाटणीच्या जमिनीची चिंता होती, त्याच घरांत मुली कमी जन्मल्या.

जाणकारांनी या चित्रात काय सुटले आहे ते सांगावे. आपापल्या भागाचा अनुभव लिहिलात, तर विशेष उपयोग होईल.

माणकाठ

पाणंद, मांडणी पटली, पण एक गोष्ट तुम्ही टाळली आहे. मुलींच्या आणि त्यांच्या पालकांच्या अपेक्षा अवाच्या सव्वा वाढल्या आहेत, ही वस्तुस्थिती आहे. मुलगा पुण्यात नोकरीला हवा, स्वतःचा फ्लॅट हवा, आणि त्याचबरोबर गावाकडे शेतीही हवी, असे स्थळ सांगणारे मध्यस्थच मला सांगतात. स्वतः शेतकरी असलेला बापसुद्धा शेतकरी जावई नको म्हणतो. बारा-पंधरा हजारांच्या कंत्राटी नोकरीवाल्या मुलाचे लग्न ठरते आणि त्याहून अधिक कमावणारा द्राक्षबागायतदार मागे राहतो, याला रचनेचा दोष म्हणायचे की माणसांच्या हव्यासाचा? सगळेच रचनेवर ढकलले, तर कुणालाच काही विचारता येणार नाही.

अनुराधा_येरळा

माणकाठ, तुम्ही ज्यांच्या अपेक्षांबद्दल लिहिले आहे त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी शेतकऱ्याची मुलगी आहे. शेती करणाऱ्या स्थळांना मी नकार दिला आणि त्या निर्णयामागे माझी आई माझ्याहून अधिक ठामपणे उभी होती.

आमच्या घरी आई पहाटे उठून धारा काढत असे. मग स्वयंपाक, मग डबा घेऊन रानात, मग दिवसभर खुरपणी किंवा भांगलण, संध्याकाळी वैरण आणि रात्री पुन्हा चूल. रात्रीच्या पाळीने वीज आली की वडिलांबरोबर पाणी धरायला तीही जात असे. हे सगळे करूनही सातबाऱ्यावर तिचे नाव नव्हते, पीककर्जाच्या कागदावर नव्हते, सोसायटीच्या सभासदयादीतही नव्हते. वडील अकाली गेले, तेव्हा आपल्याच कष्टाच्या जमिनीवर वारसनोंद लावून घेण्यासाठी तिने तलाठ्याकडे किती खेटे घातले, ते मी लहानपणी पाहिले. ‘तुझ्या वाट्याला हे येऊ नये’ असे ती म्हणत असे. शेती तिला हीन वाटत नव्हती. ते तिने आयुष्यभर केलेल्या कामाचे मूल्यमापन होते.

तुम्ही नोकरीवाला आणि द्राक्षबागायतदार यांच्या कमाईची तुलना केली आहे, पण ही तुलना मुलीच्या जागी उभे राहून करावी लागते. कंत्राटी नोकरी करणाऱ्या मुलाच्या घरात खोली लहान असते, पण तिथे सुनेला चार लोकांचे आणि चार जनावरांचे बिनपगारी काम गृहीत धरलेले नसते, आणि महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. द्राक्षाचे पैसे एका अवकाळी पावसात जातात आणि कर्ज मात्र उरते. देशातल्या शेतकरी कुटुंबांचे २०१८-१९ चे सरकारी सर्वेक्षण पाहा. सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते, आणि त्यांतले पिकांमधून आलेले होते केवळ ३,७९८ रुपये. मजुरी आणि पगारातून त्याहून अधिक म्हणजे ४,०६३ रुपये येत होते. शेतकरी कुटुंबसुद्धा शेतीपेक्षा मजुरी-पगारावर अधिक तगून असेल, तर आईने मुलीसाठी पगार शोधला यात हव्यास कुठे आहे?

कायद्याबद्दलही सांगते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्येच केली, देशभर ती २००५ मध्ये झाली. प्रत्यक्षात बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात, कारण सही केली नाही तर माहेर तुटते. म्हणजे माहेरची जमीन भावाची आणि सासरची नवऱ्याची. या दोन्ही जमिनींवर राबणाऱ्या बाईच्या नावे काहीच नाही. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीच्या अधिवेशनाला प्रचंड संख्येने स्त्रिया जमल्या होत्या आणि पुढे ‘लक्ष्मी मुक्ती’च्या मोहिमेत अनेक गावांत शेतकऱ्यांनी स्वतःहून पत्नीच्या नावे जमीन केली. शरद जोशींच्या सांगण्यावरून हे करणाऱ्या त्या पिढीचे मला आजही कौतुक वाटते. ती वाट पुढे रुंद झाली असती, तर माझ्या पिढीच्या मुलींनी शेतकरी स्थळांचा विचार कदाचित वेगळ्या रीतीने केला असता.

तेव्हा माणकाठ, अपेक्षा वाढल्या हे खरे, पण अपेक्षा आभाळातून पडत नाहीत. एका पिढीच्या स्त्रियांनी जे सोसले, त्याचे उत्तर पुढच्या पिढीच्या मुली देत आहेत.

आकडेमोड

पाणंद यांच्या आकड्यांना थोडी पुरवणी जोडतो, कारण एक दुवा राहिला आहे.

निसर्गतःच मुलींपेक्षा मुलगे थोडे अधिक जन्मतात, त्यामुळे हजारास साधारण ९५० मुली हे प्रमाण सामान्यच मानले जाते. म्हणजे १९९१ चे ९४६ फारसे वाईट नव्हते. पण पाणंद यांच्या चुलतभावासारखी जी मुले आज पस्तिशीत आहेत, ती नेमकी त्याच सुमाराला जन्मलेली आहेत. त्यांच्या बरोबरीच्या मुली पुरेशा जन्मल्या होत्या, मग त्यांची लग्ने का रखडली?

उत्तर वयाच्या अंतरात आहे. आपल्याकडे मुलगा मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा असावा, असा रिवाज आहे. म्हणून १९९० च्या मुलाची वधू बहुधा १९९४-९५ ची असते. हा मुलगा तिशीपर्यंत थांबला, की तो १९९६ ते २००० मधल्या मुली पाहू लागतो, आणि तिथे २००१ च्या जनगणनेतला तुटवडा त्याच्या वाट्याला येतो. शिवाय त्याच मुलींसाठी त्याच्यापेक्षा लहान मुलांचीही स्थळे आलेली असतात. ज्यांचे जमले नाही ते रांगेतून बाहेर पडत नाहीत, ते पुढच्या वर्षीच्या रांगेत मिसळतात, आणि म्हणून दर वर्षी रांग वाढत जाते.

यात आणखी एक शक्ती काम करते, आणि तिचा लिंगनिदानाशी संबंध नाही. कुटुंबे लहान होत गेली. महाराष्ट्राचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १.७ इतका आला आहे. जन्म कमी होत जातात तेव्हा पाच वर्षांनी लहान असलेली पिढी संख्येनेच लहान असते, त्यामुळे प्रमाण अगदी नैसर्गिक असते तरीही मोठ्या वयाच्या मुलांना लहान वयाच्या मुली कमी पडल्याच असत्या.

याची उलटी बाजू आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिली आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर बालमृत्यू घटले, लोकसंख्या वेगाने वाढू लागली आणि पाठची प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा मोठी होऊ लागली. तेव्हा लग्नाच्या वयाच्या मुली अधिक आणि त्यांना साजेशा वयाची मुले कमी, अशी स्थिती होती. हुंडा त्या काळात वाढत गेला, त्यामागचे हे एक कारण असल्याचे काही लोकसंख्याशास्त्रज्ञांनी मांडले आहे. हुंड्याचे ते एकमेव कारण नव्हे आणि त्यावर मतभेदही आहेत. पण ‘माझ्याच मुलीचे जमत नाही’ म्हणून जोडे झिजवणारा त्या काळचा वधुपिता आणि ‘माझ्याच मुलाचे जमत नाही’ म्हणून नागबळी करणारा आजचा वरपिता हे एकाच लोकसंख्येच्या दोन वळणांवर उभे आहेत. दोघांनीही दोष आपल्या नशिबाला दिला.

पुढचे चित्र अधिक कठीण आहे. २०११ मध्ये मोजलेली शून्य ते सहा वयाची मुले २००४ ते २०११ या काळात जन्मलेली आहेत. त्यांतले मुलगे साधारण २०२५ ते २०३२ या काळात लग्नाच्या कायदेशीर वयात येणार आहेत. बीड जिल्ह्यात २०११ चा आकडा ८०७ होता. तिथे ही अडचण आता कुठे सुरू होते आहे.

गोदाकाठ

बीडचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. मी याच जिल्ह्यातला आहे आणि येथे लग्नाचा प्रश्न दोन तोंडांचा आहे. एका वर्गात मुलांची लग्ने जमत नाहीत आणि दुसऱ्या वर्गात मुलींची लग्ने फार लवकर होतात. ही दोन्ही टोके एकाच तालुक्यात, कधी एकाच गावात दिसतात.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत मजूर नेणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या पुरुषाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याची उचलही त्या मानाने कमी असते. म्हणजे येथे लग्न हाच मजुरीच्या करारात शिरण्याचा दरवाजा आहे. मुलगा सतरा-अठराचा झाला, की त्याचा कोयता पूर्ण करण्याची घाई होते. मुलीच्या बाजूने कारण वेगळे आहे. दिवाळीच्या आगेमागे आई-बाप पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात ते पाच-सहा महिन्यांनी परततात. वयात आलेल्या मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचे, हा प्रश्न त्यांना रात्रंदिवस पोखरतो. तिला बरोबर न्यावे तर उसाच्या फडात पालाच्या खोपीत ना दार, ना आडोसा. मग तिचे लग्न करून टाकणे हाच त्यांना सुरक्षित मार्ग वाटतो.

२०१९-२१ च्या त्याच सर्वेक्षणात, ज्याचा जननदर वर दिला आहे, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के होते, बीडमध्ये ४३.७ आणि शेजारच्या परभणीत ४८. बाहेरून येणारी माणसे यावर ‘अज्ञान’ आणि ‘परंपरा’ असे दोन शब्द लिहून परत जातात. मी ज्या आई-बापांना ओळखतो त्यांना कायदा माहीत आहे. शाळेतल्या बाईंनी समजावून सांगितलेलेही त्यांना आठवते. त्यांच्यापुढे पर्याय नव्हता, आणि तो का नव्हता हे साखर कारखानदारीच्या हिशेबात शोधावे लागते. हंगामात मजूर स्वस्त, दूरचा आणि उचलीने बांधलेला असावा, अशी ती व्यवस्था आहे. बीडची चौदा-पंधरा वर्षांची नवरी आणि सांगलीतल्या कारखान्याचा गाळप हंगाम यांचा संबंध गावात बसून दिसत नाही, पण तो आहे.

याला आणखी एक पदर आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या ज्यांना मुली मिळत नाहीत, त्यांची स्थळे मध्यस्थांमार्फत आमच्याकडच्या आणि विदर्भातल्या गरीब घरांत येऊ लागली आहेत. लग्नाचा सगळा खर्च मुलाकडचा, वर मुलीच्या बापाच्या हातावर रक्कम. काही संसार चांगले चालतात, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण मुलगी परमुलखात एकटी पडली आणि तिच्यासाठी पैसे मोजले गेल्याची आठवण तिला रोज करून दिली गेली, अशीही उदाहरणे आहेत. जिथे मुली कमी जन्मू दिल्या गेल्या, तिथला तुटवडा जिथे गरिबी आहे तिथून भरून काढला जातो.

माणकाठ

अनुराधाताई, गोदाकाठ, तुमचे दोघांचेही लिहिणे दोन वेळा वाचले. कमाईची तुलना मुलीच्या जागेवरून करावी, हा मुद्दा मला मान्य आहे. तरीही एक प्रश्न राहतो. गर्भलिंगनिदान कुणी जबरदस्तीने करायला लावले नव्हते. रचना होती, तरी सोनोग्राफी केंद्राच्या पायऱ्या चढणारी माणसे आपल्यातलीच होती. त्यांची जबाबदारी या विश्लेषणात विरघळून जाऊ नये.

निळाई

माणकाठ यांचा प्रश्न योग्य आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना मला मिल्स यांच्याही आधीच्या एका निबंधाकडे जावेसे वाटते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. मिल्स यांचा जन्म त्याच वर्षीचा आणि पुढे ते त्याच विद्यापीठात शिकवत होते.

त्या निबंधातला युक्तिवाद या धाग्यासाठी फार मोलाचा आहे. बाबासाहेब म्हणतात की जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहामुळे, आणि असा बंदिस्त गट टिकवायचा तर गटातल्या विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की स्त्री ‘शिल्लक’ राहते, पत्नी मेली की पुरुष शिल्लक राहतो. शिल्लक माणसाने गटाबाहेर जोडीदार शोधला तर जात मोडते. म्हणून शिल्लक स्त्रीसाठी सती किंवा सक्तीचे वैधव्य आणि शिल्लक पुरुषासाठी संन्यस्त जीवन किंवा खालच्या वयोगटातली बालिका वधू, असे मार्ग रूढ झाले. ज्यांना आपण वेगवेगळ्या दुष्ट चाली म्हणून ओळखत होतो, त्या एकाच हिशेबाचे भाग असल्याचे त्यांनी दाखवले.

हा हिशेब आज पुन्हा बिघडला आहे. यावेळी पुरुष शिल्लक राहिले, आणि तेही पत्नीच्या मृत्यूमुळे नव्हे, तर त्यांच्या पत्नी झाल्या असत्या अशा मुली जन्मल्याच नाहीत म्हणून. आता गट काय करतो ते पाहा. शिल्लक मुलासाठी दूरच्या जिल्ह्यातली, कधी दुसऱ्या राज्यातली वधू आणली जाते आणि तिची जात फार खोलात जाऊन विचारली जात नाही. पण त्याच घरातल्या मुलीने गावातल्याच दुसऱ्या जातीच्या मुलाशी लग्न करायचे ठरवले, तर रक्त सांडेपर्यंत गोष्ट जाते. म्हणजे बंधन सैल होते ते मुलासाठी, आणि स्त्री बाहेरून आत येत असेल तेव्हाच.

जबाबदारीबद्दल म्हणाल, तर सोनोग्राफी केंद्राच्या पायऱ्या चढणारे जोडपे जबाबदार आहेच आणि पैसे घेऊन ते काम करणारा डॉक्टर त्याहून अधिक. स्त्रीसंघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांच्या रेट्यामुळे लिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा कायदा १९९४ चा आहे. तरीही २०११ पर्यंत आकडे घसरतच गेले. जमीन फक्त मुलाकडे जाणार, म्हातारपणी फक्त मुलगा सांभाळणार आणि मुलीचे लग्न हा फक्त खर्चच असणार, ही तिन्ही गृहीतके जिवंत असताना एकटा कायदा अपुरा पडतो. प्रत्येक घराने आपल्यापुरता केलेला ‘शहाणपणाचा’ निर्णय वीस-पंचवीस वर्षांनी त्याच घरांच्या मुलांसमोर येऊन उभा राहिला आहे. रचना म्हणजे माणसांना बाहेरून ढकलणारे काही यंत्र नव्हे. ती आपल्याच निर्णयांच्या थरांनी बनते, म्हणून तिचा अभ्यास केल्याने जबाबदारी पुसली जात नाही, तिचा पत्ता अधिक नेमका लागतो.

एक प्रश्न सर्वांना विचारते. ज्या घरांना वर्षानुवर्षे मुलगी मिळत नाही, त्यांच्यापैकी किती जण परिचयपत्रात ‘विधवा किंवा घटस्फोटित चालेल’ असे लिहितात? शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांविषयीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्याचे आवाहन केले. कुंकू आणि जोडवी राहू देणे हे मोठे पाऊल आहे. पुनर्विवाह त्यापुढचे आहे.

शिवार

या धाग्यात ज्यांच्याबद्दल बोलणे चालले आहे, त्यांच्यापैकी मी आहे. सगळे वाचले. सांगलीचे आकडे आधी कधी पाहिले नव्हते. ते पाहून एक गोष्ट झाली. मी आजवर आईला आणि आई मला दोष देत होती. घर आधी बांधायला हवे होते, ते स्थळ नाकारायला नको होते, असे आमचे चालते. ते बोलणे निदान माझ्याकडून थांबेल, असे वाटते.

पण स्पष्ट विचारतो. हे सगळे कळून माझ्यासारख्याच्या हाती काय येते? माझ्या वाट्याची मुलगी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी कुणीतरी जन्मू दिली नाही, हे समजल्याने संध्याकाळी रिकाम्या घरात शिरताना काही बदलत नाही. जमिनीचा तुकडा वाढत नाही, दर मिळत नाही. आमच्या गावातल्या काही जणांनी हताश होऊन एजंटाला पैसे दिले आणि मुलगी आठवड्यात निघून गेली. पोलिसांत जायचीही त्यांना लाज वाटली.

पाणंद

शिवार, तुम्ही लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. समाजशास्त्र तुम्हाला जोडीदार मिळवून देणार नाही आणि तसा दावा कुणी करू नये. पण ती लाज या रचनेचाच भाग आहे. एजंट फावतात कारण प्रत्येक घर आपली अडचण झाकून ठेवते, आणि फसल्यावर तक्रार करत नाही तेही झाकण्यासाठीच. दहा घरांनी एकत्र येऊन तक्रार केली, तर ती वैयक्तिक बेअब्रू राहत नाही, तो गुन्ह्याचा तपास होतो. खासगी अडचण आणि सार्वजनिक प्रश्न यांतला फरक अशा ठिकाणी कामाला येतो.

दुसरे, या चर्चेतून माझ्यापुरते एक काम निघाले आहे. आमच्या समाजाच्या वधू-वर मेळाव्याच्या समितीत मी आहे. परिचयपत्रात मुलाची जमीन किती, हा रकाना ठळक असतो. लग्नानंतर पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावण्याची तयारी आहे का, घरात शेतीचे काम कोण किती करते, विधवा किंवा घटस्फोटित स्त्रीशी आणि जातीबाहेर विवाहास संमती आहे का, हे रकाने मी पुढच्या बैठकीत सुचवणार आहे. विरोध होईल, विशेषतः शेवटच्या रकान्याला. त्या वेळी बाबासाहेबांचा शिल्लक माणसाचा हिशेब सभेपुढे मांडण्याचा विचार आहे. पत्नीचे नाव लावण्याबद्दल चुलतभावाशी बोललो. तो तयार आहे, काका अजून नाहीत.

अनुराधा_येरळा

रकाना नुसता ‘तयारी आहे’ असा ठेवू नका. लग्नापूर्वी तयारी सगळ्यांचीच असते. फेरफार किती महिन्यांत करणार ते लिहून घ्या, आणि मुलाबरोबर त्याच्या वडिलांचीही सही घ्या, कारण बहुतेक घरांत जमीन अजून वडिलांच्याच नावावर आहे. मुलींच्या परिचयपत्रातही एक रकाना हवा: माहेरी हक्कसोड करून घेतली जाणार आहे का. हा प्रश्न मुलीच्या बापाला आणि भावाला विचारला गेलाच पाहिजे.

गोदाकाठ

रकाने चांगले आहेत, पण ज्यांच्या नावे सातबाराच नाही त्यांच्यासाठी त्यांचा उपयोग नाही. आमच्याकडे मुलगी अठरापर्यंत अविवाहित राहायची असेल, तर आई-बाप फडात असताना तिला राहायला सुरक्षित जागा लागते. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना शासनाने जाहीर केलेली आहे. ती वसतिगृहे टोळ्या निघण्याआधी उघडलेली असावीत, त्यांत मोठ्या मुलींसाठी पुरेशा जागा आणि अधीक्षिका असाव्यात, आणि उचल जोडप्याऐवजी प्रत्येक मजुराच्या स्वतंत्र नावाने नोंदवली जावी, या आमच्या भागातल्या मागण्या आहेत. पाणंद, तुमच्या तालुक्यात कारखाना असेल तर त्याच्या वार्षिक सभेत तुम्ही सभासद म्हणून हे विचारू शकता. आम्हाला तिथे बोलण्याचा अधिकार नाही, तुम्हाला आहे.